उंट बांधायची दोरी

सातवीला जुगराफिया शिकवताना चक्रीवादळाचा धडा आला की मी पुस्तकावर थांबत नाही. आमची शाळा रायगडच्या किनाऱ्यालगतची, उर्दू माध्यमाची. मुले घरी कोकणी बोलतात, वहीत उर्दू लिहितात आणि बाजारात मराठी बोलतात. निम्म्यांचे वडील होडीवर, उरलेल्यांचे आखातात. वाऱ्याची ओळख पुस्तकातून करून द्यावी अशी ही मुले नव्हेत. म्हणून मी त्यांना लांबचे वादळ दाखवते : 2019 साली बहामा बेटांवर आलेले डोरियन. शाळेत प्रोजेक्टर आहे. वीज असली तर चालतो.

त्या दिवशी वीज होती. पडद्यावर वादळाचा मार्ग दिवसागणिक पुढे सरकत होता. 24 ऑगस्ट, 28 ऑगस्ट, 1 सप्टेंबर. मुले गप्प होती. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ‘‘मिस, सबको पहले से मालूम था, तो वो लोग गए क्यूँ नहीं?’’ मी काही बोलायच्या आत मागून एक मुलगा म्हणाला, ‘‘उनकी गलती!’’ वर्ग हसला. मीही हसले आणि म्हणाले, ‘‘हाँ, इसीलिए बड़ों की बात माननी चाहिए.’’ घंटा झाली.

पाठ टाचणात मूल्यमापनाचा रकाना असतो. बी.एड.ला असताना तो भरायचा मला फार कंटाळा येई. त्या दिवशी तो प्रामाणिकपणे भरायचा झाला असता तर लिहावे लागले असते की विद्यार्थिनीचा प्रश्न बरोबर होता आणि शिक्षिकेचे उत्तर चूक.

ते का चूक, हे सांगण्यासाठी आधी ते वादळ नीट सांगितले पाहिजे.

अटलांटिक महासागरातल्या अशा वादळांना हरिकेन म्हणतात. शब्द तिथल्याच बेटांवरच्या मूळ ताइनो लोकांचा, स्पॅनिशांनी उचललेला. शब्द जगभर गेला. कोलंबस आल्यानंतरच्या काही दशकांत बहामातले मूळ लोक मात्र उरले नाहीत. असो, तो वेगळा विषय. या वादळांवर नजर ठेवण्याचे काम अमेरिकेत मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र करते. वर उपग्रह असतात, पण तेवढ्यावर भागत नाही. खास विमाने वादळाच्या आत, थेट त्याच्या डोळ्यापर्यंत जातात आणि छोट्या पॅराशूटला बांधलेली नळीसारखी उपकरणे खाली सोडतात. समुद्रात पडेपर्यंतच्या काही मिनिटांत ती नळी हवेचा दाब, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग कळवत राहते. दर सहा तासांनी केंद्राचे निवेदन निघते. किनाऱ्याला धोका असला की दर तीन तासांनी. सोबतच्या नकाशावर एक शंकू काढलेला असतो. उर्दूत आम्ही त्याला मखरूत म्हणतो. येत्या काही दिवसांत वादळाचा मध्य कोठे कोठे असू शकेल, ते हा शंकू दाखवतो. सुरुवातीला तो अरुंद आणि पुढे रुंद होत जातो, कारण उद्याचे जेवढे कळते तेवढे परवाचे कळत नाही. शिवाय वादळाचा मध्य या शंकूच्या आत राहतो तोही साधारण तीनपैकी दोन वेळा. म्हणजे एवढी विमाने आणि एवढे उपग्रह असूनही ते शास्त्रज्ञ ‘असेच होईल’ असे म्हणत नाहीत. मला हा नम्रपणा आवडतो. आपल्याकडचा इन्शाअल्लाह पुष्कळदा काम टाळण्याचा बहाणा असतो. हा सगळे काम करून झाल्यावरचा इन्शाअल्लाह आहे.

डोरियनच्या बाबतीत अंदाज बदलत गेला. आधी वाटले पोर्टो रिकोवर जाईल. ते बाजूने निघून गेले. मग फ्लोरिडाचे नाव पुढे आले आणि जगाचे डोळे फ्लोरिडाकडे लागले. बहामा मध्येच पडते, सातशेवर लहानमोठी बेटे, जवळजवळ सगळी सपाट. देशातली सर्वांत उंच टेकडी जेमतेम 63 मीटरची आणि ती दुसऱ्याच बेटावर. 30 ऑगस्टला वायव्येकडच्या बेटांना हरिकेनचा इशारा दिला गेला. पंतप्रधान ह्युबर्ट मिनिस यांनी सखल भागातल्या आणि छोट्या बेटांवरच्या लोकांना घरे सोडण्याची विनवणी केली. 1 सप्टेंबरला दुपारी वादळ अबाको बेटांवर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी 295 किलोमीटर. त्या देशाच्या नोंदींत एवढे जबर वादळ नाही. दुसऱ्या दिवशी ते ग्रँड बहामा बेटावर गेले आणि तिथे जवळजवळ थांबलेच. एखादा दिवस एकाच बेटावर घोंघावत राहिले. समुद्र वीस फुटांहून वर चढला होता.

मृतांचा अधिकृत आकडा सत्तरच्या पुढे गेला. बेपत्ता म्हणून नोंदले गेलेले दोनशेहून जास्त. बेपत्ता माणसे मृतांच्या तिप्पट कशी, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. मला तो फार उशिरा पडला.

अबाकोचे मुख्य शहर मार्श हार्बर. त्याच्या एका सखल बाजूला हैतीहून आलेल्या लोकांच्या वस्त्या होत्या. मोठीचे नाव ‘द मड’. मड म्हणजे चिखल. शेजारच्या दुसरीचे नाव ‘पिजन पीज’, म्हणजे चक्क तूर. प्लायवुडच्या भिंती, वर पत्रा, एकाला एक लागून घरे. हे लोक अबाकोत आले शेतमजूर म्हणून, आणि पुढे श्रीमंतांच्या बंगल्यांतले माळीकाम, बांधकाम, धुणीभांडी त्यांच्याकडेच राहिली. कित्येकांकडे राहण्याचा परवाना नव्हता. कित्येक मुले तिथेच जन्मलेली. पण 1973 साली देश स्वतंत्र झाला तेव्हाच्या घटनेप्रमाणे परकीय आईबापांच्या पोटी बहामात जन्मलेले मूल आपोआप नागरिक होत नाही. अठरा वर्षांचे झाल्यावर त्याने अर्ज करायचा असतो. तोवर ते कोणाचेच नाही. 2018 साली सरकार या वस्त्या पाडायला निघाले होते; न्यायालयाने तूर्त मनाई केली म्हणून त्या उभ्या होत्या. म्हणजे डोरियनच्या आदल्या वर्षी ज्या सरकारचा माणूस दारात येऊन ‘घर पाडणार आहोत, निघा’ म्हणत होता, त्याच सरकारचा माणूस आता सांगत होता, ‘वादळ येते आहे, निघा.’ वस्तीतल्या माणसाच्या कानाने ही दोन वाक्ये ऐकून पाहावीत.

बरेच जण गेलेही. चर्चमध्ये गेले, सरकारी इमारतीत गेले. पाणी चढल्यावर पोहत, एकमेकांना धरून गेले. पण पुष्कळ जण गेले नाहीत. जगलेल्यांपैकी काहींनी नंतर बातमीदारांना कारण सांगितले : पनाहगाहमध्ये गेलो असतो तर धरून परत पाठवतील असे वाटले. आमच्या उर्दूत निवाऱ्याला पनाहगाह हाच शब्द आहे. दुआत आपण अल्लाहकडे जी मागतो ती पनाह. ज्या दारात आपले नाव विचारले जाईल आणि नावामागोमाग कागद, त्या दाराला हा शब्द लावावा का, या विचाराने मला त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही.

इथे आमच्या घरांतली नेहमीची चर्चा आठवते. संकट आले की एक जण म्हणतो, तकदीरमध्ये असेल ते होईल. दुसरा लगेच उंटाची हदीस सांगतो. एका बदूने पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना विचारले होते की उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू का, त्यांनी त्याला आधी उंट बांधायला आणि मग भरोसा ठेवायला सांगितले. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट. मी स्वतः ती वर्गात कितीतरी वेळा सांगितली आहे, परीक्षेच्या आधी तर हमखास. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे सांगायला यापेक्षा सोपी गोष्ट नाही.

पण ज्याला उत्तर मिळाले त्याच्या हातात दोरी होती. नसती तर तिथे बसलेल्यांपैकी कोणी ती दिली नसती, असे मला वाटत नाही. आपण गोष्टीतला उंट उचलला, बांधण्याचा हुकूमही उचलला. दोरी कुठून येते हे विचारायचे राहून गेले. मग ज्याचा उंट पळतो त्याला आपण हदीस ऐकवतो. ‘उनकी गलती’ म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याने वेगळे काय केले? तो मुलगा तसा गुणी आहे. त्याने मोठ्या माणसांचेच ऐकून म्हटले.

हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंगही असाच. इसवी सन 638-39च्या सुमारास ते शामच्या वाटेवर असताना पुढे ताऊनची साथ असल्याचे कळले. मसलत झाली आणि त्यांनी परतायचे ठरवले. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर यांच्या उत्तराचा मतलब असा होता की आपण एका तकदीरपासून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत. त्यांनी दाखलाही दिला : खोऱ्याच्या एका उतारावर गवत आहे, दुसरा उतार कोरडा आहे, उंट कुठेही चारा, अल्लाहच्या तकदीरनेच चाराल. या उत्तरात मला फार मोठी सुटका वाटत आली आहे. आज मात्र एक गोष्ट डोळ्यांत भरते. उमर यांच्या मागे मदिना होते, ज्याचे दार त्यांना उघडे होते. खोऱ्याचे दोन्ही उतार त्यांच्यापुढे खुले होते. हिरव्या उतारावर कुंपण असते आणि कुंपणाशी रखवालदार, तर कोरड्या उतारावर राहिलेल्याला तकदीरची चर्चा ऐकवण्यात काय अर्थ होता?

यावर कोणी म्हणेल, न जाणारे सगळेच काही हैतीचे नव्हते. खरे आहे. अबाकोतले पक्के नागरिक, चांगली घरे असलेले, तेही पुष्कळ राहिले. 1999चे फ्लॉइड पाहिलेले होते, 2004 साली एका महिन्यात दोन वादळे झेललेली होती. घर टिकले होते, आताही टिकेल असे त्यांना वाटले. कोणी होडीसाठी राहिले, कोणी कुत्र्यासाठी, कोणी अंथरुणावरच्या आईसाठी. आणि शहाण्या माणसाला स्वतःच्या जिवाचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क आहे की नाही? मी तो हक्क मानते. ज्याला जाता आले असते आणि जो गेला नाही, त्याच्याबद्दल हळहळ वाटते, पण तो त्याचा निर्णय होता. माझा वाद एवढाच की चिखल नावाच्या वस्तीतल्या माणसाचे राहणे आणि बंगल्यातल्या माणसाचे राहणे ही एकच कृती नव्हे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. दोघेही घरात बसलेले. पण एकाने दोन वाटांतून एक निवडली. दुसऱ्याला दोन भीतींतून एक निवडावी लागली. पाण्याची भीती अजून नकाशावर होती, पोलिसाची भीती रोजची होती. माणूस रोजची भीती आधी मोजतो.

याला उपाय काय, असे विचारले तर क्युबाचे नाव येते. 1963 साली फ्लोरा नावाचे वादळ त्या बेटावर चार-पाच दिवस अडकून पडले. सतराशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर त्यांनी नागरी संरक्षणाची व्यवस्था उभी केली. दर वर्षी वादळाच्या मोसमाआधी देशभर तालीम होते. गल्लीत कोण म्हातारे आहे, कोण गरोदर आहे, कोणाला चालता येत नाही, हे गल्लीतल्या माणसांना पाठ असते. मला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट वेगळीच : घर सोडणाऱ्यांतले बहुतेक लोक सरकारी निवाऱ्यात जातच नाहीत. ते नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या पक्क्या घरात जातात. 2001च्या मिशेल वादळात सात लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि पाच दगावले. तिथे नेहमी असेच आकडे असतात असे नाही, आणि तिथल्या राज्यात सरकारला नाही म्हणणे सोपे नाही हेही विसरून चालणार नाही. पण ओळखीच्या माणसाच्या उंबऱ्यावर कोणी रजिस्टर घेऊन बसत नाही, हे खरे.

रजिस्टरवर आलेच आहे तर आता स्वतःचे सांगते.

3 जून 2020. बांगलादेशाने सुचवलेले निसर्ग हे सुंदर नाव मिळालेले वादळ अलिबागच्या दक्षिणेला, आमच्याच किनाऱ्यावर यायचे होते. हवामान खात्याचा इशारा आधीपासून होता. कोरोनाचे दिवस. मे महिन्यात आमच्याच शाळेत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना चौदा दिवस ठेवले होते, त्यामुळे शाळेच्या फाटकाकडे गावातली माणसे तशीही संशयाने बघत. 2 जूनला आम्हा शिक्षकांची ड्यूटी लागली : कच्च्या घरांतल्यांना शाळेत आणा, नोंद करा. मी व्हरांड्यात टेबल टाकून बसले. वहीत रकाने आखलेले होते. नाव, गाव, आधार क्रमांक, मोबाइल, ताप आहे का.

संध्याकाळी एक कुटुंब आले. चिऱ्याच्या खाणीवर काम करणारे, परराज्यातले. नवरा-बायको, दोन मुले आणि एक म्हातारी. लॉकडाऊनमध्ये इथेच अडकलेले. त्याने नाव सांगितले. मी लिहिले. गाव सांगितले, लिहिले. मग मी मान वर न करता विचारले, ‘‘आधार कार्ड?’’ तो वहीकडे बघत राहिला. मग बायकोकडे बघितले. ‘‘लाता हूँ,’’ म्हणाला आणि सगळ्यांना घेऊन गेला. मला काही वाटले नाही. पुढचे कुटुंब उभे होते.

ते परत आले नाहीत. रात्री वहीत त्या ओळीवर माझी नजर गेली होती. पुढचे तीन रकाने रिकामे होते. उद्या सकाळी बघू, म्हणून मी वही मिटली. सकाळी वारा सुटलेला होता.

दुपारपर्यंत शाळेची निम्मी कौले उडाली. नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले. तिसऱ्या दिवशी रस्ता थोडा मोकळा झाल्यावर मी घरी जात होते, तेव्हा ते दिसले. त्यांच्या झोपडीचा पत्रा कुठल्या कुठे गेला होता. वादळात ते रस्त्याखालच्या मोरीत बसून राहिले होते. मुले ठीक होती. म्हातारीचे मनगट मोडले होते आणि त्यावर ओढणी गुंडाळलेली होती. त्याने मला ओळखले. तक्रार केली नाही. ‘‘मैडम, ताडपत्री मिलेगी क्या?’’ एवढेच म्हणाला. ताडपत्री मिळाली. आठवडाभराने ते तिथून निघून गेले. त्याच्याकडे आधार कार्ड नव्हते, की होते आणि त्याला वेगळेच कसले भय होते, मला माहीत नाही. मी विचारले नाही. विचारायचे असते तर त्या संध्याकाळी विचारायला हवे होते, आणि तेही वही बाजूला ठेवून.

मोरीत पाणी भरले नाही, हे त्यांचे नशीब. माझेही. नाही तर गावाने काय म्हटले असते ते मला पाठ आहे : शाळा उघडी होती, दवंडी दिली होती, आलेही होते, परत गेले त्याला कोण काय करणार? आणि वहीने याला साक्ष दिली असती, कारण त्यांचे नाव तर मी लिहून घेतलेच होते.

पुन्हा बहामाकडे जाते, कारण तिथली गोष्ट वादळाबरोबर संपली नाही. 8 सप्टेंबर 2019ला ग्रँड बहामातून फ्लोरिडाला जाणाऱ्या एका बोटीत घरदार गमावलेली माणसे चढली. सुटण्याच्या वेळेला घोषणा झाली की ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही त्यांनी उतरावे. एरवी बहामाच्या नागरिकाला विमानाने जाताना पासपोर्ट आणि पोलिसांचा दाखला दाखवला की व्हिसाशिवाय जाता येत असे. बोटीला तो नियम नव्हता. शंभराहून अधिक माणसे मुलाबाळांसह खाली उतरली. हे पक्के नागरिक होते. देशाचा कागद होता, दुसऱ्या दारी तो चालला नाही. यातून काही जण तरी शिकतील असे मला वाटले होते. पण पुढच्याच महिन्यात कागद नसलेल्या हैतीच्या लोकांना परत पाठवणे पुन्हा सुरू झाले. मडच्या जागेवर पुन्हा घरे बांधायला मनाई झाली, ढिगारे उचलले गेले. बेपत्ता म्हणून नातलगाची नोंद करायची तर नोंद करणाऱ्यालाही आपले नाव सांगावे लागते. किती जणांनी ते सांगितले नसेल?

दुसऱ्या आठवड्यात मी तोच तास पुन्हा घेतला. मडचा, वादळाआधीचा फोटो दाखवला आणि त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहिला. मग मोरीतल्या कुटुंबाचेही सांगितले, फक्त वही कोणाची होती ते पहिल्यांदा सांगितले नाही. मुलांनी पुष्कळ उत्तरे दिली. शेवटी मागच्या बाकावरचा तोच मुलगा म्हणाला, ‘‘मिस, वही पे कौन बैठा था?’’ तेव्हा सांगितले. या वेळी कोणी हसले नाही. तो मुलगाही खाली बघू लागला, आणि मला उगीचच त्याची समजूत घालावी लागली.

यंदा मे महिन्यात आपत्तीची तयारी म्हणून कपाटातून नवी वही काढली. रकाने तेच. मी हेडसरांना म्हटले, आधारचा रकाना काढून टाकू या. नाव आणि किती माणसे, एवढे पुरे. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘बात आपकी सही है,’’ म्हणाले, ‘‘पण नमुना वरून येतो, मॅडम. नंतर हिशेब मागतील तेव्हा मी काय दाखवू?’’ त्यांचेही खोटे नाही. मग मी शंभर पानी दुसरी वही आणून दोन रकाने आखले. सध्या कपाटात दोन्ही वह्या आहेत. टेबलावर कोणती ठेवायची ते अजून ठरलेले नाही.